बडोद्यातून परदेशी शिकायला निघताना: वॉटरप्रूफ चालायच्या बुटांची पारख

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेत थेपले, लिलो चेवडो, गोडा मसाला, छोटा कुकर, थर्मल कपडे असं सगळं वेळेवर जमतं. बूट मात्र शेवटच्या आठवड्यात, घाईत आणि बहुधा रंग बघून घेतले जातात. आणि तिकडे गेल्यावर पहिल्या दिवसापासून कामाला लागतात ते बूटच. इथे नाक्यावरून दूध आणायलाही गाडी काढायची सवय असते. तिथे खोली ते बस, बस ते वर्ग, वर्ग ते दुकान आणि हातात सामान घेऊन परत, असे रोजचे आठ-दहा किलोमीटर सहज होतात. चालता चालता एक दिवस बस मुद्दाम सोडावीशी वाटते आणि तिथून पुढे ते शहर आपलं व्हायला लागतं. हा आनंद मिळणार की पहिल्याच महिन्यात टाचेला फोड येऊन मुलगी खोलीत बसणार, हे बऱ्याच अंशी बुटावर ठरतं. म्हणून ही पारख.

पारख एकाच प्रकाराची आहे: घोट्याखालचा, आतून पाणीरोधक पडदा असलेला, रबरी तळाचा चालायचा बूट. दुकानात याला वॉटरप्रूफ वॉकिंग शू किंवा लो-कट ट्रेकिंग शू म्हणतात. बऱ्या कंपनीचा जोड आपल्याकडे साधारण सहा ते बारा हजारांत बसतो. तसाच पण पडदा नसलेला, जाळीदार कापडाचा बूट याच्या निम्म्या किमतीत येतो. दुप्पट पैसे कशाचे आणि ते कुणी द्यावेत, हा खरा प्रश्न आहे.

पैसे त्या पडद्याचे. गोअर-टेक्स हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव, आणि बहुतेक कंपन्यांचा स्वतःच्या नावाचा पडदाही असतो. गोअर-टेक्ससारख्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. 'जाऊ शकते' म्हटलं, कारण वाफ बाहेर जायला बुटाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम आणि दमट असावी लागते. एडिनबरात बाहेर आठ अंश असताना पडदा आपलं काम करतो. बडोद्यात मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना वाफेला बाहेर पडायला कारणच उरत नाही आणि पाय आत उकडून निघतो. त्यामुळे इथे दुपारी घालून बघून 'बूट बेकार आहे, पाय घामेजतो' असा निकाल देऊ नका. तो निकाल हवेचा आहे. उलट सिंगापूरला किंवा मेलबर्नच्या उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी पडद्यावर पैसे घालूच नयेत. त्यांना जाळीचा बूट पुरतो. तो भिजला तरी काही तासांत वाळतो, पडद्याचा बूट वाळायला दीड दिवस घेतो.

पडद्याच्या बुटाची दुसरी मर्यादा साधी आहे. तो घोट्याखाली संपतो. डबक्यात पाय घोट्याच्या वर गेला की पाणी वरून आत शिरतं, आणि मग तोच पडदा ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. तिसरी गोष्ट कळायला वर्ष लागतं. नव्या बुटावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, कारण वरच्या कापडावर किंवा चामड्यावर पाणी झटकणारा लेप असतो. धूळ आणि वापराने तो उतरतो. मग वरचं कापड पाणी पिऊन जड होतं, वाफेची वाट बंद होते, आतला घाम आतच राहतो आणि बूट गळतोय असं वाटतं. बूट गळत नसतो. कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन, बुटांसाठी मिळणारा पाणीरोधक फवारा मारला की पुन्हा काही महिने निघतात.

आता घ्यायचा कसा. दुकानात संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. तिकडे घालणार असाल ते लोकरीचे जाड मोजे बरोबर न्या. दुकानातल्या पातळ मोज्यावर घेतलेलं माप थंडीत हमखास लहान पडतं. सगळ्यात आधी बुटातला सुटा तळवा बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. बोटं किंवा चवडा कडेच्या बाहेर जात असेल तर तो बूट तुमच्या पायाचा नाही, सेल्समन काहीही म्हणो. सगळ्यात लांब बोटापुढे सेंटिमीटरभर जागा हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय बघा, माप मोठ्या पायाचं घ्या.

नंबरांचा घोळ इथेच मिटवा. आपल्या दुकानातला यूके नंबर एकाने वाढला की लांबी साडेआठ मिलिमीटरच्या आसपास वाढते, युरोपीय नंबर एकाने वाढला की साडेसहा-पावणेसात. म्हणून दोन्हींचं कोष्टक कधीच नीट जुळत नाही. डबीवर मिलिमीटर किंवा सेंटिमीटरमध्ये पायाची लांबी छापलेली असेल तर विश्वास त्यावर ठेवा.

मग बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे आपली बोटं जिथे दुमडतात तिथेच वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट दोन तासांत तळवा दुखवतो. दोन्ही टोकं धरून ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघा: थोडा पिळला जावा, पार वळू नये. टाचेमागची वाटी चिमटीत दाबा, ती ताठ हवी. पाय घालून, नाडी बांधून दुकानातल्या पायऱ्या चढा. चढताना टाच बुटातून वर उचलली जात असेल तर फोड तिथेच येणार. फोड घासण्याने येतात, आणि ओली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा जास्त अडकते. पाऊस, घाम आणि सुती मोजे हे तिन्ही एकत्र आले की काम झालं. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. लोकरीचा, त्यातही मेरिनोचा मोजा ओला झाला तरी ऊबदार राहतो. तीन जोड पुरतात, पण ते चांगले घ्या. मोज्यात केलेली काटकसर पायाला महाग पडते.

टाच किंचित हलत असेल आणि बाकी सगळं बरोबर बसत असेल तर बूट नाकारण्याआधी नाडी अशी बांधून बघा. वरची शेवटची दोन छिद्रं बहुतेक लोक रिकामीच सोडतात. नाडीचं टोक आडवं न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या छिद्रात बाहेरून आत घाला आणि दोन छिद्रांमध्ये बोट जाईल एवढा फास ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता डावं टोक उजव्या फासातून, उजवं डाव्या फासातून ओवा, दोन्ही टोकं खाली आणि मागे, टाचेच्या दिशेने ओढा, मग नेहमीची गाठ. घोट्याभोवती पट्टा बसल्यासारखी पकड येते आणि चवड्यावरचा ताण मात्र वाढत नाही. उतारावर बोटं पुढे आपटणंही याने बरंच थांबतं.

डबी फेकण्याआधी तिच्यावरचा बनावटीचा महिना वाचा. यावर थोडं थांबायला हवं. तळ आणि पाय यांच्यामधला मऊ थर दोन प्रकारच्या फोमचा असतो. ईव्हीए हलका, पण काही महिन्यांच्या रोजच्या चालीत दबून बसतो. पॉलियुरेथेन जास्त टिकाऊ, पण हवेतल्या ओलाव्याने त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तुटत जाते, बूट डबीत बंद असला तरीही. गोदामात चार-पाच पावसाळे काढलेला असा नवाकोरा जोड बाहेरून झकास दिसतो, आणि चालायला लागल्यावर तळ खाऱ्या बिस्किटासारखा तुटून हातात येतो. मोठ्या सवलतीत मिळणाऱ्या जोडांत हा धोका असतोच. दोन वर्षांपेक्षा जुना माल घेऊ नका. मोठ्या भावाने चार वर्षांपूर्वी घेऊन कपाटात जपून ठेवलेला जोडही धाकट्याला देऊ नका.

तळाची परीक्षा घरीच होते. आपल्याकडच्या घरांत कोटा फरशी असते. मोरीजवळची गुळगुळीत फरशी ओली करा, कठड्याला हात धरून उभे राहा आणि बूट पुढे-मागे सरकवा. भिंगरीसारखा पाय गेला तर तो तळ तिकडच्या ओल्या दगडावरही तसाच जाणार. ओल्या फरसबंदीवर पकड रबराच्या मऊपणाने येते, खोल दात फक्त चिखलात कामाला येतात. व्हायब्रमसारख्या नावाजलेल्या कंपनीचा तळ असला तरी ती कंपनी बरीच वेगवेगळी रबरं बनवते, त्यामुळे तळावरचा तिचा पिवळा शिक्का बघून थांबू नका, घासून बघा. पाण्याची परीक्षाही सोपी: मोज्यावर टिश्यू पेपर गुंडाळा, बूट घाला, टबात तीन-चार सेंटिमीटर पाणी घेऊन दहा मिनिटं जागच्या जागी पावलं टाका. टिश्यू कोरडा राहिला पाहिजे. ही परीक्षा परत करायची मुदत संपण्याआधी करा, पण बूट बाहेर घालण्याआधी, घासण्याची परीक्षा झाल्यावर. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यात जाऊन बूट तपासू नका. त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, आणि विश्वामित्रीच्या काठच्या वस्त्यांत पुराबरोबर मगरीही येतात.

निघण्याच्या सहा आठवडे आधी बूट हातात हवा. पहिला आठवडा घरातच, संध्याकाळी तासभर, त्याच जाड मोज्यांवर. दुसऱ्या आठवड्यात पहाटे सहाला कमाटी बाग, दोन-तीन किलोमीटर. १८७९ पासूनची ही बाग आहे, झाडांची सावली आहे, वाट सपाट आहे, आणि कुठे दुखलं तर बसायला बाक आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मांडवीहून निघा. लहरीपुरा दरवाजा, न्यायमंदिर, रावपुरा, कोठी, काळा घोडा आणि पुन्हा कमाटी बाग: तीन किलोमीटरच्या आसपास होतं, परत आलात की सहा. या वाटेवर पेव्हर ब्लॉक, खडबडीत डांबर, उंच-सखल कडा, मध्येच खणलेला रस्ता असं सगळं भेटतं, आणि घोटा वळतो की धरला जातो ते इथे कळतं. पाचव्या आठवड्यात हीच वाट पाठीवर पाच-सहा किलो घेऊन, कारण तिकडे लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि जॅकेट रोज पाठीवर असणार. सहाव्यात एक रविवार पावागढ. माचीपासून पायऱ्या चढा, आणि मुख्य म्हणजे उतरा. उतरताना बोटं पुढे आपटून नख दुखलं तर माप लहान आहे किंवा नाडी ढिली आहे. हे इथे कळलेलं बरं, तिकडे तोच बूट बदलायचा तर पौंडात पैसे मोजावे लागतात.

आता शहरांकडे, कारण बूट शेवटी त्यांच्यासाठीच आहे.

या बुटाचं सगळ्यात सार्थक एडिनबरात होतं. किल्ल्यापासून होलिरूडच्या राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रॉयल माईल पावणेदोन-दोन किलोमीटरचा. रस्ता घडीव दगडांचा, आणि पायांनी घासून घासून ते दगड गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की त्यावर दिव्यांचा उजेड सांडतो आणि कडक तळाचा बूट घसरतो. खरी गंमत दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या अरुंद गल्ल्यांत आहे. त्यांना तिथे क्लोज म्हणतात. बडोद्याच्या घडियाळी पोळ या जुन्या वस्तीत शिरल्यावर जसं बाहेरच्या बाजाराचा गलका एकदम मागे राहतो आणि घरं अंगावर आल्यासारखी जवळ येतात, तसंच तिथे होतं, फक्त पुढे वाट पायऱ्यांनी खोल उतरते. अॅडव्होकेट्स क्लोजमधून खाली कॉकबर्न स्ट्रीटला, फ्लेशमार्केट क्लोजमधून खाली वेव्हर्ली स्टेशनच्या अंगाला. नकाशात ही दोन रेषांमधली किरकोळ फट दिसते. पायांनी गेलात की वरचं शहर आणि खालचं शहर कसं जोडलंय ते एका संध्याकाळी समजतं. हे बसमधून कधीच दिसत नाही. वेळ जपा मात्र: डिसेंबरात सूर्य पावणेचारच्या आधीच मावळतो, आणि जूनमध्ये रात्री दहाच्या सुमाराला. हिवाळ्यात टाचेवर चमकणारी पट्टी असलेला बूट किंवा बॅगेला तसली पट्टी उपयोगी पडते. शहराच्या कुशीतच आर्थर्स सीट ही २५१ मीटरची टेकडी आहे, आणि तिच्यावर याच बुटाने जाता येतं. पावसानंतरच्या गवताळ उतारावरून मात्र परतू नका, पायवाटेनेच या.

बर्लिनमध्ये चाल वेगळी. पदपथाच्या मध्ये मोठ्या ग्रॅनाइटच्या फरश्या आणि दोन्ही कडांना लिंबाएवढे बारीक दगड बसवलेले असतात. फरशीवर चाला, बारीक दगडांवर पातळ तळाच्या बुटाने चालल्यास तासाभरात तळवे ठणकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओली पानं पसरतात, ती फरशीपेक्षा जास्त निसरडी. पदपथालगतचा लाल पट्टा सायकलींचा, त्यावर पाय ठेवला की मागून घंटा वाजते आणि बोलणी बसतात. लाल दिव्यात रस्ता ओलांडला तर पाच युरो दंड, आणि लहान मुलं बघत असताना ओलांडलात तर लोकांची नजर त्याहून जड.

न्यूयॉर्कला जाणाऱ्या बडोदेकरांसाठी एक वाट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विद्यापीठ तेव्हाही ११६ व्या रस्त्यावर होतं, आजही तिथेच आहे. तिथून ब्रॉडवेने दक्षिणेला ५९ व्या रस्त्यापर्यंत चालत या. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण वीस ब्लॉक (दोन चौकांमधलं अंतर म्हणजे एक ब्लॉक) म्हणजे साधारण एक मैल, तेव्हा ५७ ब्लॉकचे साडेचार किलोमीटर, रमतगमत सव्वा तास. शेवटी सेंट्रल पार्कचा नैऋत्य कोपरा लागतो. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की फोन खिशातच राहतो: रस्त्याच्या नंबरावरून आपण कुठे आहोत आणि किती उरलं ते कळतं. पूर्व-पश्चिम ब्लॉक बरेच लांब असतात, त्यांना हा हिशेब लावू नका. हिमवर्षावानंतर वळणाच्या कोपऱ्यांवर काळपट बर्फाचं पाणी साचतं, वरून भक्कम दिसतं आणि पाय आत जातो. घोट्याखालचा बूट तिथे हरतो. दोन पावलं लांबून जा.

लंडनमध्ये भुयारी रेल्वेच्या नकाशाला भुलू नका. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांत तीनशे मीटरही अंतर नाही, जिने उतरण्या-चढण्यातच त्याहून जास्त वेळ जातो. रस्त्यांवर चालणाऱ्यांसाठी उभे केलेले नकाशाचे खांब आहेत, आणि त्यावर पाच मिनिटांत चालत कुठवर पोचाल ते वर्तुळ काढलेलं असतं. चारचौघांत फोन हातात धरून चालण्यापेक्षा ते बरं.

एक सवय सगळीकडे जपायची. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात वाहनं आपल्यासारखी डावीकडून जातात. जर्मनी, अमेरिका, कॅनडात उजवीकडून, म्हणजे रस्त्यात पाय टाकताना आधी डावीकडे बघायचं. मान आपसूक उजवीकडे वळते, आणि पहिले काही आठवडे हे मनाला बजावावं लागतं.

टोरोंटो, माँट्रियल, हेलसिंकी अशा ठिकाणी जाणाऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: हा बूट सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि एप्रिलनंतर. जानेवारीत तो पुरत नाही. थंडीत रबर कडक होतं, आणि काचेसारख्या बर्फावर कुठलाच साधा तळ धरत नाही. हिवाळी बूट इथे शोधत फिरू नका, तिकडे पोचल्यावर घ्या: निवड जास्त, माल त्या हवेसाठीच बनवलेला. बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टेही तिथे मिळतात. आत दुकानात शिरताना ते काढा, लादीवर खिळा घसरतो. हेलसिंकीत पदपथांवर खडी टाकतात, कॅनडात मीठ. मिठाने चामड्यावर पांढऱ्या रेघा उठतात आणि चामडं तडकतं. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं करून फडक्याने त्याच दिवशी पुसा, आठवडाभर ठेवलेली रेघ निघत नाही.

भिजलेला बूट खोलीतल्या हीटरवर ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. उष्णतेने डिंक सैल होतो, तळ सुटतो, चामडं आक्रसतं. आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे ठासून भरा, दोन तासांनी बदला, रात्री पुन्हा एकदा बदला. वाऱ्याच्या जागी आडवा ठेवा. म्हणूनच एकच महागडा जोड नेण्यापेक्षा पडद्याचा एक आणि साधा जाळीचा एक, आलटूनपालटून घाला. मधला फोमही एक दिवस विसावला तर पुन्हा फुगतो.

रंग काळा किंवा गडद तपकिरी, चामड्याचा वरचा भाग, फार भडक नाड्या नाहीत. असा जोड वर्गात, प्रयोगशाळेत आणि सुट्टीतल्या कामावरही चालतो. केशरी-हिरवा बूट डोंगरावर शोभतो, कॉफीच्या दुकानातल्या कामावर घालू देतीलच असं नाही.

प्रवासात बूट पायात घाला, बॅगेत नको: किलोभर वजन वाचतं. अहमदाबाद किंवा मुंबईहून विमान सुटल्यावर नाड्या सैल करा, पाय सुजतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी तळाच्या खाचा जुन्या टूथब्रशने धुऊन काढाव्यात, पावागढची माती तिथे राहिलेली असते. तिकडे माती लागलेले बूट उतरल्यावर जाहीर करावे लागतात, आणि नाही केले तर दंड होतो. धुऊन पूर्ण वाळवा, आणि तरीही शंका असेल तर फॉर्मवर 'हो' लिहा. अधिकारी तळ बघतात आणि जाऊ देतात.